राजवाडा नसलेलं शहर

मंगळवार, ९ मार्च

दादा,

तू बरा असशील, वहिनी बऱ्या असतील, असं मी धरून चालते. फोनवर विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस, म्हणून हे पत्र. आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांचा गुडघा सकाळी कुरकुरतो आणि दुपारपर्यंत मुकाट कामाला लागतो. आमच्या इमारतीची लिफ्ट महिनाभर बंद आहे. तीन मजले चढून आले की ते मला ऐकू जाईल अशा बेतानं दम टाकतात, आणि मी पाणी घेऊन गेले की म्हणतात, "मला काय धाड भरलीय?" तेव्हा काळजीचं कारण नाही.

आता कामाचं.

संग्रहालयाच्या नव्या दालनात तीन टेबलं आहेत हे मी तुला सांगायला नको. दालनाचा सल्लागार तूच. एक नाईलकाठचं, एक युफ्रेटिसकाठचं, एक सिंधूच्या खोऱ्यातलं. बघणाऱ्यानं एकावरून दुसऱ्याकडे जावं आणि आपल्या डोळ्यांनी ताडून पाहावं, अशी कल्पना. मॉडेलं करायचं काम मला मिळालं ते माझ्या हातांमुळे. तू माझा भाऊ आहेस हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही. तूही सांगितलं नाहीस. आपापली कारणं असतील.

पहिली दोन टेबलं भराभर झाली. पिरॅमिडला चार बाजू असतात, तो काही जीव खात नाही. माझा वेळ गेला तो त्याच्या पलीकडच्या मजुरांच्या वस्तीत, त्यांच्या भाकरी भाजायच्या भट्ट्यांत. दुसऱ्या टेबलावर ते पायऱ्यापायऱ्यांचं उंच देऊळ. तिकडे काही विटांवर राजाचं नाव ठसवलेलं सापडतं, म्हणून मी दोनतीन विटा मोठ्या करून बाजूला मांडल्या.

तिसऱ्या टेबलाला मात्र सहा महिने लागले. तुला ठाऊकच आहे तिथे काय आहे. आखल्यासारखे रस्ते, घराघरात न्हाणी, प्रत्येक न्हाणीतून बाहेर पडणारी मोरी आणि रस्त्याखालून जाणारं झाकलेलं गटार. विटा जाडी-रुंदी-लांबी एक-दोन-चार अशा ठरलेल्या प्रमाणाच्या, आणि शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या गावातही त्याच मापाच्या, पण कुणाचंही नाव नसलेल्या. घरांच्या भिंतींवर मी नुसत्या रेघा ओढल्या, पण गटारं खऱ्या विटांची केली. तांदळाच्या दाण्याएवढ्या मातीच्या विटा, भाजून, चिमट्यानं एकेक बसवलेल्या. अकरा हजार. डोळ्यांचा नंबर वाढला, त्याचं बिल मी कुणाला लावलेलं नाही.

गटार पूर्ण झालं त्या दिवशी मी बाबांना तळघरातल्या कार्यशाळेत घेऊन गेले होते. त्यांनी चष्मा पुसला, टेबलाला एक फेरी मारली आणि म्हणाले, "पाणी सोडून बघ." ड्रॉपरनं निळं पाणी सोडलं. चौथ्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेलं आणि तिथेच बसलं. बाबा म्हणाले, इथं तुंबणार, वरच्या घराचं पाणी खालच्याच्या अंगणात जाणार, मग खालचा भांडायला वर येणार, आणि शेवटी शिव्या गवंड्याला बसणार. मी दोनशे विटा उपसल्या आणि त्यांच्या देखरेखीखाली परत बसवल्या. नंतर पाणी कडेच्या खड्ड्यापर्यंत न थांबता गेलं. नगरपालिकेच्या गटार खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला चार हजार वर्षांपूर्वीचा उतार नजरेनं कळला. मला वाटलं, हे तुला सांगावं. मग काल संचालकांनी माझ्या हातात एक टिपण ठेवलं.

त्यात लिहिलंय की तिसरं टेबल इतर दोन टेबलांच्या मानानं सपाट आणि ओकंबोकं वाटतं, प्रेक्षकांची निराशा होईल, तरी मध्यभागी साजेसा राजवाडा बसवावा. खाली सल्लागारांची मान्यता म्हणून तुझी सही.

मी असं समजते की तू ते न वाचता सही केलीस. कामं असतात, कागद येतात, माणूस सही करून मोकळा होतो. पण त्या गावात राजवाडा म्हणून ठामपणे बोट दाखवावं अशी इमारत आजवर कुणाला सापडलेली नाही, हे मला शाळेत असताना तूच शिकवलंस. बाबांच्या जुन्या सायकलवर पुढे बसवून शिकवलंस. तेव्हा कृपा करून सही मागे घे.

मागच्या महिन्यात त्या बुधवारी तू समितीला घेऊन कार्यशाळेत आलास, तेव्हा मी तिसऱ्या टेबलाखाली दिव्यांच्या वायरी जोडत होते, त्यामुळे आपली भेट राहिली. बाबाही त्या दिवशी आले होते. ते लवकर घरी गेले.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
बारकी


रविवार, २८ मार्च

दादा,

तुझं उत्तर मिळालं. विद्यापीठाच्या छापील कागदावर, जावक क्रमांकासहित. "आपल्या पत्रातील मुद्द्यांची नोंद घेण्यात आली आहे." आपल्या! मी दोनदा पाकीट उलटून बघितलं, चुकून दुसऱ्या कुणाचं आलं की काय म्हणून. बाबांनी विचारलं, दादाचं का? मी म्हटलं, विद्यापीठाचं.

मुद्द्याला मुद्द्यानं उत्तर देते, म्हणजे तुला फाइल करायला बरं.

तू लिहितोस, एखादी गोष्ट सापडली नाही म्हणजे ती नव्हतीच असं होत नाही. शंभर टक्के मान्य. मी कुठे म्हणते की तिथे राजा नव्हता? असेल. त्यांची लिपी वाचता येत नाही, तेव्हा त्यांच्यावर कोण हुकूम चालवत होतं ते तुला ठाऊक नाही आणि मलाही नाही. सगळी घरं एका मापाची नव्हती हेही मला कळतं, मीच बांधलीत ती. मग जे ठाऊक नाही तिथे खांब आणि सज्जे असलेला राजवाडा का बांधायचा? रिकामी जागा रिकामी ठेवली तर कुणाचा जीव जातो?

आणखी लिहितोस, जगापुढे आपलं खोरं इतर दोघांच्या तुलनेत कमी दिसता कामा नये. दादा, तुलना करायची म्हणजे तिघांच्या डोक्यावर सारख्याच टोप्या घालायच्या का? मी इजिप्तला नाक मुरडत नाही. भट्ट्या करताना मला त्या मजुरांची माया लागली होती. दुसऱ्या टेबलाच्या लोकांकडेही नळ आणि मोऱ्या होत्या, शिवाय त्यांनी स्वतःबद्दल ढीगभर लिहून ठेवलं, ते आपल्याला वाचता येतं. ही त्यांची मोठी मिळकत. आणि आपल्या या तिसऱ्यांनी गल्लीच्या शेवटच्या घरातलं सांडपाणी नीट वाहून न्यायची सोय केली. ज्याचं त्याचं मोठेपण ज्याच्या त्याच्या जागी असू दे. ते दिसत नसेल तर दोष टेबलाचा की बघणाऱ्याचा?

असो. इथे काय झालं ते सांगते, कारण तुला एकाच बाजूनं कळलं असेल.

मी संचालकांना सांगितलं की राजवाडा करणार नाही. ते वाईट माणूस नाहीत, त्यांना फक्त उद्घाटनाच्या तारखेची धास्ती आहे. त्यांनी चहा मागवला, मला समजावलं, मी चहा प्यायले आणि नाही म्हटलं. मग त्यांनी नाटकांचे देखावे करणाऱ्या एका कारागिराकडून राजवाडा करून घेतला. तो खोक्यातून आला. सोनेरी रंग, वर घुमट. ठेवायला जागा होईना म्हणून मधली नऊ घरं आणि त्यांच्याखालचं गटार कापावं लागणार होतं. करवत माझ्यापुढे धरली. मी हात मागे बांधले. शेवटी आमच्या सुतारमामांनी कापलं. कापताना ते माझ्याकडे बघत नव्हते, आणि मी त्यांच्यावर रागावले नाही, कारण त्यांना तिथेच नोकरी करायची आहे. आता वरच्या घरांचं पाणी राजवाड्याच्या भिंतीला येऊन धडकतं. म्हणजे धडकेल, कुणी सोडलं तर.

दालन उघडलं. दुसऱ्या दिवशी मी तिकीट काढून आत गेले आणि राजवाड्यासमोर कठड्याला एक चिठ्ठी चिकटवली : "ही इमारत उत्खननात सापडलेली नाही." एवढंच. खाली माझं नाव. संध्याकाळी काढली गेली. मी परत लावली. असं नऊ दिवस चाललंय. दारावरच्या सुरक्षारक्षक बाईंना चिठ्ठी काढायचा हुकूम आहे; त्या इमानेइतबारे काढतात, घडी घालून मला परत देतात आणि म्हणतात, "कागद अजून चांगलाय, चिकटपट्टी तेवढी नवी आणा." परवा एका शाळेची सहल आली होती. त्यांच्या बाईंनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली आणि वाटाड्याला विचारलं, मग इथे नेमकं काय सापडलं? वाटाड्या घुटमळला. मी कोपऱ्यातून पुढे झाले आणि सांगितलं. गटाराचं सांगितलं. मुली टेबलाच्या कडेला गुडघे टेकून बसल्या आणि एकेक मोरी बोटानं मोजायला लागल्या. चाळीस मिनिटं, दादा. पिरॅमिडजवळ सात मिनिटं होत्या.

"गटारं बघायला कोण तिकीट काढतं?" असं तू त्या बुधवारी समितीला म्हणालास आणि सगळे हसले. मी टेबलाखाली होते, म्हटलं ना. टेबलाखाली सगळं ऐकू येतं.

आता मला नोटीस आली आहे. सोमवारी पाच तारखेला समितीपुढे हजर राहायचं, माफी लिहून द्यायची, नाहीतर करार संपला. तुझंही लेखी म्हणणं मागवलंय असं कळतं. मी माफी लिहून देणार नाही. तू काय लिहितोस ते बघते.

तुझीच,
बारकी


शनिवार, १७ एप्रिल

दादा,

बैठक झाली. तू आला नाहीस, तुझा कागद आला. अध्यक्षबाईंनी वाचून दाखवला. राजवाडा राहू द्यावा, मात्र खाली 'कल्पनेवर आधारित' असं नमूद करावं. म्हणजे माझं पत्र तुला कुठेतरी टोचलं खरं. पाटी लागली आहे. मुंगीनं चष्मा लावून वाचावी एवढ्या अक्षरांत, आणि राजवाड्याच्या मागच्या बाजूला.

अध्यक्षबाई मला म्हणाल्या, बघा, तुमच्या म्हणण्याचा मान राखला, आता तुम्ही दोन ओळी लिहून द्या आणि विषय संपवू. मी म्हटलं, नऊ घरं परत लावू द्या, मी दोनशे ओळी लिहून देते. त्यांनी कागदपत्रं गोळा केली. माझा करार संपला. संचालक दारापर्यंत सोडायला आले आणि दारात काही बोलायचं म्हणून बोलले, हात जपा. सुतारमामांनी माझे चिमटे, ड्रॉपर, उरलेल्या विटांचा डबा असं सगळं एका खोक्यात नीट भरून ठेवलं होतं. खोकं घरी आणून उघडलं तर तळाशी कापून काढलेली ती नऊ घरं, एकही भिंत न मोडता, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

आता जे दोन पत्रांत लिहायचं टाळलं ते लिहिते. बाबांनी मला शपथ घातली होती. ती मी मोडतेय.

त्या बुधवारी बाबा टेबलाजवळच उभे होते. तू समितीला घेऊन आत आलास. तुला बघून ते हसले, मी खालून त्यांचे पाय बघत होते, ते तुझ्या दिशेनं दोन पावलं पुढे गेले. सहा वर्षांनी बघत होते तुला. समितीतल्या कुणीतरी विचारलं, "हे कोण?" आणि तू म्हणालास, "मॉडेलवाल्यांचा कुणी कामगार असेल."

ते पाय जागीच थांबले. मग बाबा म्हणाले, "हो साहेब. उतार बघायला आलो होतो."

आणि तुझं बोलणं खोटं पडू नये म्हणून त्यांनी कोपऱ्यातली प्लास्टरची गोणी उचलली. त्या गुडघ्यानं. दाराबाहेर नेऊन ठेवली आणि परत आलेच नाहीत. मग गटारांवरचा तुझा विनोद झाला.

मी तुला लिहिताना जरा चढून लिहिते, तेव्हा हेही लिहायला हवं. मी टेबलाखालून बाहेर आले नाही. हातात वायर होती, ती हातातच राहिली. मला वाटलं, आता उठले तर नातं बाहेर पडेल, तू भडकशील, काम हातचं जाईल, सहा महिन्यांच्या विटा दुसरा कुणी बसवेल. हा हिशेब करायला मला एक श्वासही लागला नाही. तू वडिलांना ओळखलं नाहीस आणि मी त्यांच्या मागे गेले नाही. तुम्ही सगळे गेल्यावर मी बाहेर धावले तर ते संग्रहालयाच्या पायऱ्यांवर बसून हाताचं प्लास्टर झटकत होते. मला म्हणाले, "बाहेर आली नाहीस ते बरं केलंस. त्याची चार माणसांत फजिती झाली असती." मग मला शपथ घातली, त्याला यातलं काही बोलायचं नाही.

त्यांना तुझी बाजू घेताना बघणं मला सहन होत नाही, दादा. तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांच्या नावापुढे 'बांधकाम व्यवसायातील' असं छापलंस, तेव्हाही ते म्हणाले, खोटं कुठे आहे, बांधकामच ते. आईनं विचारलं, मग त्याच्या सत्काराला आपल्याला का बोलावलं नाही, तेव्हाही म्हणाले, लांब पडलं असतं. ती गेली तरी त्यांचं तुला पदराखाली घालणं सुटलं नाही. मी मात्र तो पदर काढून घेतेय.

माझी चिठ्ठी राजवाड्याविरुद्ध होती असं समितीला वाटतं. त्यांना वाटू दे. नऊ दिवस ती मी त्या बुधवारसाठी चिकटवत होते. त्या तळघरात मी गप्प बसले, म्हणून वर दालनात मला गप्प बसवेना.

आता पुढचं. त्या सहलीच्या बाई मला शोधत घरी आल्या. त्यांच्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयात वाचनकक्षाच्या शेजारी एक मोठी खोली रिकामी आहे. वाचनालयाचे लोक म्हणाले, तिथे ते तिसरं शहर पुन्हा बांधा, घाई नाही. लाकूड त्यांनी दिलं. सुतारमामा सुटीच्या दिवशी येऊन टेबल ठोकून गेले. मी रोज सकाळी बाबांना घेऊन जाते. लिफ्ट सुरू झाली आहे, तरी ते जिन्यानंच उतरतात. त्यांचा हात कापतो, त्यामुळे विटा मी बसवते आणि ते उतार सांगतात. वाचायला आलेले लोक पुस्तक बोटात धरून दारात उभे राहतात. एक निवृत्त नर्सबाई रोज येतात आणि बाबांना प्रश्न विचारून भंडावतात : झाकणं कशाची, साफ कोण करायचं, वास यायचा का? बाबा उत्तर देतात तेव्हा त्यांचा आवाज कसा होतो ते तू ऐकायला हवंस. काल ते म्हणाले, साफ करणाऱ्यांचं कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण गाळ साठायला जागोजागी खड्डे ठेवलेत, म्हणजे बांधणाऱ्यानं साफ करणाऱ्याचा विचार केला होता. नर्सबाईंनी ते वहीत उतरवून घेतलं. तुझ्या कुठल्या पुस्तकात हे वाक्य आहे का ते मी शोधलं, मला सापडलं नाही.

या वेळी नऊही घरं जागेवर आहेत. मध्ये एक मोकळी जागा आहे, कारण तिथे काय होतं ते कळलेलं नाही, आणि तसं आम्ही लिहिणार आहोत, मोठ्या अक्षरांत, समोरच्या बाजूला.

वाचनालयाला दारावर एक पाटी हवी आहे. मजकूर मी दिला, छापायला गेला. शहराचं मॉडेल, त्यापुढे माझं नाव. त्याच्या वर, पहिल्या ओळीत : "गटारं आणि उतार", आणि पुढे बाबांचं पूर्ण नाव, त्याखाली "गवंडी, गटार खाते, एकतीस वर्षे". बाबा आधी नको नको म्हणाले. मग पाटीच्या दुकानदारानं नमुना दाखवला तेव्हा चष्मा पुसून तो कागद उजेडाकडे घेऊन गेले आणि म्हणाले, अक्षर जरा ठळक करता येईल का.

पाटीवर आडनाव येतं, ते तुझंही आहे. गावभरचे लोक वाचतील, तुझे विद्यार्थीही येतील, कुणीतरी विचारेल. मी ते खोडणार नाही, लहान करणार नाही, मागच्या बाजूला लावणार नाही. तुला अडचण होत असेल तर आडनाव बदलायचं कसं ते तुझं तू बघ.

हे पत्र मी बाबांना न सांगता टाकतेय, आणि टाकून झाल्यावर सांगणार आहे. शपथ मोडल्याबद्दल ते रागावतील. त्यांचं रागावणं मी सोसेन.

वाचनालय सकाळी नऊला उघडतं. तिकीट नाही.

त्यांची मुलगी, आणि अजून तरी तुझी बहीण